नऊ वर्षांच्या मुलीला गाण्याची पर्सनल शिकवणी लावावी का?

तुमचा प्रश्न वाचला. दर जूनमध्ये कोणी ना कोणी पालक मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमची परिस्थिती मला कळली ती अशी : मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. दोन वर्षं जवळच्या गायनाच्या क्लासला जाते, बॅचमध्ये अठरा मुलं, फी महिना ८०० रुपये. प्रारंभिक ही गाण्याची पहिली परीक्षा पास झाली, तीही चांगल्या मार्कांनी. पण घरी एकटीला गा म्हटलं तर गात नाही आणि गायलीच तर सूर इकडेतिकडे जातो. आता एक ताई घरी येऊन एकटीला शिकवायला तयार आहेत, आठवड्यातून एकदा, फी तिप्पट. एवढा फरक खरंच पडतो का, आणि गाण्याने अभ्यास सुधारतो म्हणतात ते खरं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत गाणं आणि पेटी शिकवते, बॅचही घेते आणि एकेकट्याला पण शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं रोज बघते. मला वाटतं तुमचा खरा प्रश्न फीचा नाहीये. दोन वर्षं शिकून, परीक्षा पास होऊनसुद्धा मुलीला एकटीने सा का लावता येत नाही, हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की पैसे कुठे घालायचे ते आपोआप ठरेल.

साधा हिशोब करा. एक तासाचा क्लास, अठरा मुलं, म्हणजे बाईंनी अगदी समसमान वाटून वेळ दिला तरी एका मुलाच्या वाट्याला तीन-सव्वातीन मिनिटं येतात. तेवढीही येत नाहीत कारण हजेरी, वह्या, दंगा, मागच्या वेळी न आलेल्यांना परत सांगणं यात पाव तास जातो आणि उरलेला वेळ सगळे मिळून गातात. मिळून गाताना काय होतं तर समोर पेटीवर अलंकार (सरावाचे स्वरक्रम) वाजत असतो, बॅचमध्ये दोन-तीन मुलं सुरात पक्की असतात आणि बाकीची त्यांच्या पाठोपाठ गातात, अगदी किंचित मागून. मुलं हे मुद्दाम करत नाहीत, त्यांना वाटतं आपल्यालाही येतंय कारण कानावर जे पडतंय ते बरोबरच असतं. त्यात स्वतःचा आवाज कुठला हे त्यांना वेगळं ऐकूच येत नाही. आणि बाई कितीही चांगल्या असल्या तरी अठरा आवाजांत तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा रिषभ (रे) उतरलाय हे त्यांना कळणार कसं, मलाही माझ्या बॅचमध्ये कळत नाही.

तुम्ही म्हणाल परीक्षेत तर एकटीच गायली ना. हो, पण तिथे महिनाभर घोटलेल्या त्याच बंदिशी असतात आणि बऱ्याचदा पेटी प्रत्येक सूर तिच्याबरोबर वाजवत असते. पेटी हात धरून चालवते. घरी तुम्ही गा म्हणता तेव्हा तो हात नसतो, सूर स्वतः शोधायचा असतो, आणि ते तिने कधी केलेलंच नाही. म्हणून ती गात नाही. लाजते वगैरे नंतरचं, बरीच मुलं आपल्याला नीट येत नाही हे आतून ओळखतात आणि मग गप्प बसतात.

आता एकटीच्या शिकवणीत काय वेगळं होतं ते सांगते. अशी मुलगी माझ्याकडे आली की मी पहिले दोन-तीन आठवडे पेटीवर अलंकार वाजवतच नाही. तिला म्हणते डोळे मिटून तुला सहज येईल तो एकच स्वर ‘आ’ करून धर. ती धरते. मग मी पेटीवर तिचा स्वर शोधते, समजा तो पांढरी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या, आसपास सापडला तर तिथेच सा मानायचा आणि त्याच पट्टीत, म्हणजे त्याच सा वर, तानपुरा लावायचा. म्हणजे तिने माझ्या सुरात यायचं नाही, आधी मी तिच्या सुरात जायचं. दोन्ही आवाज एक झाले की मुलांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, कारण सूर मिळाल्यावर कानात जी स्थिरता येते ती त्यांना पहिल्यांदा जाणवलेली असते. मग हळूच पट्टी अर्ध्या स्वराने खाली, पांढरी सात, तिथे मिळव म्हणायचं, मग काळी पाच. कधी एका बैठकीत जमतं, कधी महिना लागतो. बॅचमध्ये हे करता येत नाही कारण बाकीच्या सतरा मुलांनी तोवर काय करायचं. मिळवणं जमल्यावर मग सा-रे, सा-ग, सा-प अशा जोड्या, त्याही फक्त तानपुऱ्यावर. मी एकदा गाऊन दाखवते, गप्प बसते, तिने एकटीने लावायचं. चुकलं तर लगेच ‘चुकलं’ म्हणत नाही, ‘तुला काय वाटलं, वर गेला का खाली?’ असं विचारते. सुरुवातीला उत्तर चुकतं. पण ज्या दिवशी मूल स्वतःहून थांबून म्हणतं ‘बाई, खाली लागला, परत लावू?’ तेव्हा त्याचा कान तयार व्हायला लागला असं समजायचं. माझ्या मते पर्सनल शिकवणीचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे की मुलाला स्वतःचा आवाज स्वतंत्र ऐकू येतो आणि चूक झाली त्याच क्षणी पकडली जाते. आठवडाभर चुकीचंच घोटून पक्कं झालेलं नंतर काढायला फार त्रास होतो.

पेटीबद्दल एक गोष्ट जाता जाता. मी स्वतः पेटी शिकवते, पण गाणाऱ्या मुलाने रोज पेटीवरच सूर तपासू नये असं माझं ठाम मत आहे. तंबोऱ्याची, म्हणजे तानपुऱ्याची, खर्जाची (सगळ्यात खालच्या सा ची) तार नीट लागली की तिच्यातून गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, पेटीतला गंधार त्यापेक्षा किंचित चढा असतो. शांत खोलीत मुलाला शेजारी बसवून हा गंधार ऐकवता येतो आणि एकदा ऐकला की पुढे भूप राग शिकवताना फार उपयोग होतो. आमच्या शेजारीच मिरजेत तंबोरे बनतात, तरी सुरुवातीला मी पालकांना तंबोरा घ्या म्हणत नाही, मोबाईलवरचा तानपुरा एका बऱ्यापैकी स्पीकरला जोडला तरी पुरतो.

दुसरा मुद्दा पट्टीचा. बॅचमध्ये सगळ्यांना एकच पट्टी आणि ती बहुतेक वेळा शिकवणाऱ्याची असते. बाईंची काळी चार असेल तर काही लहान मुलांना खालचे सूर लागतच नाहीत, नुसती हवा येते. सरांची काळी एक किंवा पांढरी दोन असेल तर मुलं एक सप्तक वर गातात आणि तार सप्तकात गेली की अक्षरशः ओरडतात, मानेच्या शिरा दिसतात. वर्षानुवर्षं असं गाऊन घसा बसलेली मुलं मी बघितलीयेत. एकटीला शिकवताना पट्टी तिच्या गळ्याप्रमाणे ठरवता येते. मुलग्यांच्या बाबतीत तर बारा ते चौदाच्या आसपास आवाज फुटतो तेव्हा पर्सनल लक्ष जवळजवळ गरजेचंच असतं, कारण पट्टी दर काही महिन्यांनी बदलावी लागते आणि काही दिवस तर गाणं कमी करून पेटीवर किंवा नुसतं ऐकण्यावर भर द्यावा लागतो. ‘आता याचा आवाज गेला’ म्हणून त्याच वयात कितीतरी मुलगे गाणं सोडून देतात, फार वाईट वाटतं.

वाद्य असेल तर माझं उत्तर आणखी स्पष्ट आहे, सुरुवातीचे सहा-आठ महिने तरी शक्यतो एकेकटंच शिकावं. आमच्या इथले तबल्याचे सर नेहमी दाखवतात, ‘ना’ हा बोल वाजवताना तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली राहावी लागते. ती अनामिका उचलली गेली किंवा जास्त दाबली गेली की ना खणखणीत येत नाही, बोद म्हणजे दबका वाजतो. दहा मुलं ओळीने तबला घेऊन बसली की हा बोद ना कुणाचा ते कळत नाही. हात एकदा वाकडा बसला की पुढे लय वाढवताना सगळं अडतं. व्हायोलिनच्या गजाचंही तसंच.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला पर्सनल शिकवणी लावायची घाई मी करू देत नाही. त्या वयात चार मुलांत टाळ्या वाजवत, बडबडगीतं म्हणत लय अंगात आली तरी भरपूर आहे, चाळीस मिनिटं एकट्याने मोठ्या माणसासमोर बसणं त्यांना जड जातं. आठ ते दहा हे वय मला सगळ्यात योग्य वाटतं, तुमची मुलगी नेमकी त्याच वयात आहे. पण मुलाला स्वतःला गाण्याची ओढ आहे का हे बघायला हवं. क्लासला जायला ती तयार होते का, का तिथे मैत्रिणी आहेत म्हणून जाते, हे तुम्हालाच माहिती. मैत्रिणींसाठी जात असेल तर त्यातही वाईट काही नाही, फक्त ती एकदम तोडून टाकू नका.

कारण बॅचचे फायदे खरे आहेत आणि मी ते कमी लेखणार नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी आमच्याच भागात, मिरजेत, त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकलं आणि पुढे १९०१ साली लाहोरला गंधर्व महाविद्यालय काढून गाणं वर्गात आणलं. फळा, वह्या, ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी. ते झालं नसतं तर गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहणं ज्यांना शक्य नव्हतं अशा साध्या घरांतल्या मुलांना, मुलींना तर जास्तच, गाण्याचा दरवाजा उघडलाच नसता. बॅचमध्ये मुलं एकमेकांचं ऐकतात, चार जणांत ताल सोडायचा नाही हे शिकतात, दुसऱ्याचं चांगलं झालं की आपणही करावंसं वाटतं. एकटं शिकणाऱ्या मुलांना कार्यक्रमात इतरांबरोबर गायची वेळ आली की कधीकधी बिचकायला होतं, तेही मी बघते. तेव्हा बॅच वाईट आणि पर्सनल चांगली असं काही नाहीये. सूर लावायला, हात बसायला एकटं, आणि लय, धीटपणा, आनंद यासाठी सगळ्यांबरोबर, असं मी धरते.

अभ्यासाच्या फायद्याबद्दल स्पष्ट सांगते कारण जाहिरातींत फार काही लिहिलेलं असतं. संगीताने बुद्धी वाढते ही समजूत बऱ्याच अंशी १९९३ च्या एका अमेरिकन प्रयोगातून पसरली. त्यात कॉलेजच्या मुलांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला होता आणि झालेला परिणाम पाव तासाच्या आतच ओसरला होता. त्यात लहान मुलंही नव्हती आणि शिकवणीही नव्हती. नंतर कॅनडात शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांवर वर्षभर प्रयोग केला, त्यात पियानो-गाणं शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतर मुलांपेक्षा थोडासा, तीनेक गुणांनी, जास्त वाढला. २०२० मध्ये असे पन्नासवर प्रयोग एकत्र करून बघितले गेले तेव्हा जे नीट काळजीपूर्वक केलेले होते त्यांत अभ्यासावर किंवा बुद्धीवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. म्हणून गणिताचे मार्क वाढतील या आशेने गाण्यावर पैसे खर्च करू नका, त्यासाठी गणितच शिकवावं लागेल. दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात ते आहे, पण चौथीतल्या मुलीसाठी आत्तापासून तो विचार नको.

मला स्वतःला जे दिसतं ते वेगळं आहे. आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं एक मोठं माणूस, जे आई-बाबा नाही आणि शाळेतली टीचरही नाही, फक्त या एका मुलाकडे लक्ष देऊन बसलेलं असतं. आजच्या मुलांना हे फार कमी मिळतं. चुकणं ही त्या खोलीत रोजची गोष्ट असते, त्यावर कोणी हसत नाही, परत लावायचं एवढंच. घाबरट मुलं हळूहळू मोकळी होतात. माझ्याकडची एक मुलगी शाळेत वर्गात तोंड उघडायची नाही, ती इथे मला ‘बाई, थांबा ना, मला एकदा करू दे’ म्हणायला लागली. गाण्यात ती साधारणच आहे, पण आठवी झाली तरी अजून येते आणि मला तिला शिकवणं मनापासून आवडतं.

इथपर्यंतचं थोडक्यात : तुमच्या मुलीची अडचण सूर मिळवण्याची आहे, ती बॅचमध्ये सुटणं अवघड, एकटीने बसवून चार-सहा महिन्यांत बरीच सुटू शकते, अभ्यासाशी याचा संबंध लावू नका.

आता पैशाचं. ८०० च्या जागी २४०० हा महिन्याचा फरक कुठल्याही घराला जाणवतोच, आणि फी जास्त म्हणजे आपोआप फायदा जास्त असंही नाही. काही मधले मार्ग आहेत. एक म्हणजे आत्ताच्याच क्लासच्या बाईंना विचारा की बॅच सुटल्यावर आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं फक्त हिला द्याल का, त्याचे वेगळे पैसे देतो. बऱ्याच जणी तयार होतात आणि सूर मिळवण्यासाठी पंधरा मिनिटं सुरुवातीला पुरतात. दुसरं म्हणजे जोडीने शिकणं, हिच्याच वयाची, साधारण याच पातळीची एक मैत्रीण बघा, फी अर्धी-अर्धी. दोघी असल्या की एक गाते तेव्हा दुसरी ऐकते, ओळखते, आणि एकटेपणाही नाही. मला स्वतःला हा प्रकार फार आवडतो, फक्त दोघींची पट्टी जुळायला हवी आणि घरच्यांनी दोघींची तुलना करू नये. तिसरं म्हणजे सहा महिने पर्सनल, मग परत बॅच. कायमची पर्सनल लावलीच पाहिजे असं कोणी म्हणत असेल तर का ते विचारा.

ताईंची निवड करताना त्यांची पदवी, कार्यक्रमांचे फोटो हे दुय्यम. बेंजामिन ब्लूम नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी १९८५ च्या आसपास अमेरिकेतल्या नावाजलेल्या पियानोवादकांच्या लहानपणाचा अभ्यास केला होता, त्यात असं दिसलं की बहुतेकांचे पहिले शिक्षक मोठे कलाकार नव्हते, जवळपास राहणारे, प्रेमळ, मुलांना गोडी लावणारे होते. मोठे गुरू नंतर आले. माझाही अनुभव हाच. एक ट्रायल लेसन घ्या आणि कोपऱ्यात गप्प बसून बघा. ताई किती गातात आणि मुलीला किती गाऊ देतात? मुलगी चुकल्यावर लगेच स्वतः गाऊन पुढे जातात की थांबतात? पूर्ण वेळ पेटीवर सूर वाजवत राहतात का? भूप शिकवताना मुलीकडून त्यात नसलेला मध्यम (म) लागला तर त्यांच्या लक्षात येतं का? पहिल्याच दिवशी नवीन गाणं बसवून तुम्हाला खूश करणाऱ्यांपेक्षा अर्धा तास सा आणि प वर घालवणाऱ्या मला जास्त विश्वासाच्या वाटतात. आणि शिकवणी घरी असो की त्यांच्याकडे, खोलीचं दार उघडं आणि घरातलं कोणीतरी जवळपास, हा नियम ठेवा. चांगल्या शिक्षकांना याचा राग येत नाही, मी तर स्वतःच सांगते.

ऑनलाइनचंही कोणीतरी विचारेल. परदेशातल्या काही मराठी मुलांना मी शिकवते, जमतं, पण दोघांना एकाच वेळी गाता येत नाही कारण आवाज उशिरा पोचतो, आणि ॲप तानपुऱ्याला गोंगाट समजून कापून टाकतं, ते सेटिंग बदलून घ्यावं लागतं. जवळ शिकवणारं कोणी नसेल तर ऑनलाइन जरूर करा, पण घरी येणाऱ्या ताई मिळत असतील तर त्यांनाच घ्या.

शिकवणी आठवड्यात एकदाच असते, उरलेले सहा दिवस घरचे. नऊ वर्षांच्या मुलीला रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे, शक्यतो ठरलेल्या वेळी, शाळेत जायच्या आधी किंवा संध्याकाळी खेळून आल्यावर. तानपुरा लावून द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात तुमचं काम करा. समोर बसून ‘नीट म्हण’, ‘मोठ्याने म्हण’ करू नका. ताईंना शेवटची पाच मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या म्हणावं, या आठवड्यात नेमकं काय करायचं ते त्यात त्यांनी बोलून ठेवायचं, म्हणजे तुम्हाला गाण्यातलं काही कळत नसलं तरी अडत नाही. आणि निदान दिवाळीपर्यंत पाहुण्यांसमोर गा म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या वर्षीची प्रवेशिका प्रथम ही पुढची परीक्षा लांबणीवर टाकता आली तर टाका. परीक्षा दर वर्षी येतात, एक वर्ष उशीर झाल्याने काही बिघडत नाही, पण कच्च्या सुरावर पुढचे राग चढवत गेलं तर मध्यमा या त्यापुढच्या परीक्षेच्या आसपास मुलं अडकतात आणि तिथेच सोडतात. तीन-चार महिन्यांनी फायदा झाला का हे बघायचं असेल तर तिला किती गाणी येतात ते मोजू नका. पेटी बंद, नुसता तानपुरा, आणि सा रे ग प ध सा (भूपचे सूर) एकदा वर, एकदा खाली, सावकाश. एखादा सूर चुकला आणि तिने स्वतःच थांबून परत लावला तर शिकवणी चालू ठेवा. तसं काहीच दिसलं नाही तर आधी ताईंशी मोकळेपणाने बोला, कधीकधी पट्टी बदलून किंवा लेसनची वेळ बदलूनही फरक पडतो, मूल शाळेतून दमून आलेलं असतं आणि आपण त्याला पाच वाजताच बसवतो.